लाट आणि खळबळ

हिंगण्याजवळून वाहणाऱ्या वेणा नदीला पावसाळ्यांत पूर आला, कीं काठावरच्या मनुष्यास भोवरे दिसतात. पूर ओसरल्यावर डोहावर वारा सुटला, कीं नुसत्या लहरी उठतात. भोवऱ्यांत सांपडलेलें पान ओढलें जातें, फिरतें, बुडतें. लहरीवरचें पान वरखालीं होऊन जवळजवळ होतें तेथेंच राहतें. हा भेद डोळ्यांना कळतो, वेगमापक यंत्राला कळत नाहीं. त्याच्या लेखीं दोन्ही म्हणजे वेगाची घटवाढच.

ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनीं १८८३ सालीं, कांचेच्या नळींतून वाहणाऱ्या पाण्यांत रंगाची धार सोडून, संथ प्रवाह कसा बिघडतो तें दाखविलें. १८९५ सालीं त्यांनींच वेगाचे दोन भाग पाडले : सरासरी वेग आणि त्याभोंवतींची घटवाढ. नदीकालव्यांना एवढें गणित पुरतें. समुद्रांत मात्र लाटांची हालचाल त्याच घटवाढींत जाऊन बसते व खळबळीच्या खात्यावर मांडली जाते. ही चूक क्षुल्लक नव्हे. बंदराच्या तळावरचा गाळ उचलला जाईल कीं तेथेंच बसेल, हें खळबळीमुळें तळावर पडणाऱ्या ओढीवरून ठरतें. आणि १९१६ सालीं मुंबई इलाख्यांत सुरू झालेल्या, पुढें खडकवासल्यास नांवारूपाला आलेल्या जलसंशोधन केंद्रासारख्या संस्थेपुढें बंदरांच्या गाळाचा प्रश्न नित्याचाच.

वस्तुतः साध्या लाटेंत पाण्याचा आडवा वेग शिगेला पोंचतो तेव्हां उभा वेग शून्य असतो, व उलटही. म्हणून दोहोंच्या गुणाकाराची सरासरी शून्य येते. लाट दिसते मोठी, पण ओढीच्या हिशेबांत तिची जमा कांहींच नाहीं! परंतु यंत्र अंशभर कललें, कीं आडवा वेग उभ्यांत मिसळतो आणि खऱ्या ओढीस झांकून टाकील अशी खोटी ओढ उत्पन्न होते. समुद्रतळाशीं यंत्र तंतोतंत सरळ बसविणें कोणास साधतें?

१९७० सालीं हुसेन आणि एक दुसरेच रेनॉल्ड्स यांनीं वेगाचे तीन भाग पाडले : सरासरी, लाट, खळबळ. त्याच सालीं बेनिलोव व फिल्युश्किन यांनीं पाण्याच्या पृष्ठभागाचा चढउतार सोबत नोंदवून, वेगाचा जो भाग त्याच्या तालावर चालतो तो लाटेचा मानला. १९९८ सालीं ट्रोब्रिज यांनीं एकाऐवजीं दोन यंत्रें घेतलीं. त्यांतील अंतर भोवऱ्यांहून मोठें, पण लाटेच्या लांबीपुढें अगदीं थोडें. दोन्ही यंत्रांस लाट एकच भेटते, भोवरे निरनिराळे. वजाबाकींत लाट बहुतेक जाते, खळबळ उरते. ती दोन्ही ठिकाणची असल्यामुळें येणाऱ्या उत्तराचें अर्धें घ्यावयाचें. किनाऱ्याशीं फुटणाऱ्या लाटेची खळबळ मात्र लाटेच्याच तालावर येते, आणि तेथें केवळ ताल पाहून केलेली निवड अपुरी पडते.