कौटुंबिक हिंसाचार

कौटुंबिक हिंसाचार म्हणजे नात्याने एका घरात राहणाऱ्या किंवा राहिलेल्या व्यक्तीने केलेला शारीरिक, लैंगिक, मानसिक, शाब्दिक वा आर्थिक छळ. मारहाणीखेरीज धमकावणे, मजुरीचे पैसे काढून घेणे, स्त्रीधन अडकवून ठेवणे हेही त्यात मोडते.

प्रमाण

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी भारतात २९.३ टक्के, तर महाराष्ट्रात २५.२ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसली होती. याच सर्वेक्षणात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितल्याचे आढळले. ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही व कोणाला सांगितलेही नाही. त्यामुळे पोलिसांकडील नोंदींवरून हिंसेचे खरे प्रमाण कळत नाही.

तक्रार न होण्याची कारणे

अमरावती, अकोला या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांत निंदण व वेचणी मुख्यतः स्त्रिया करतात. ही मजुरी हंगामी असते, आणि शेत व घर बहुधा पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावे असते. घर सुटले तर मुलांसह राहायचे कोठे, हा प्रश्न तक्रारीच्या आड येतो. ‘दिल्या घरी सुखी राहा’ या संस्कारामुळे माहेरचेही अनेकदा तडजोडीचा सल्ला देतात. घटनेचे साक्षीदार सासरचेच असतात. बदनामीची व अधिक मारहाणीची भीती असतेच.

बोलणाऱ्या स्त्रीवर टीका होणे नवे नाही. वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) या पुस्तकात पुरुषी दुटप्पीपणावर प्रहार केला. त्यावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये (१८८५) त्यांची बाजू घेतली.

कायदेशीर तरतुदी

पती वा सासरच्यांकडून होणारी क्रूरता १९८३ पासून भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ नुसार गुन्हा ठरली. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे.

तक्रार म्हणजे घर सोडणे किंवा पतीला तुरुंगात धाडणे, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू असलेल्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ नुसार, घर स्त्रीच्या नावे नसले तरी तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून संरक्षण, निवास, निर्वाह खर्च व मुलांच्या ताब्याचे आदेश मागता येतात. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कारावास, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हिंसेची माहिती शेजारी वा अन्य कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास देऊ शकतो. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दायित्व येत नाही. १८१ ही महिला मदतवाहिनी असून तातडीच्या प्रसंगी ११२ या क्रमांकावर मदत मागता येते.