प्रतिजैविकांच्या विजयाची दुसरी बाजू

१/ १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. एकेकाळी प्राणघातक ठरणारी जखम आणि न्यूमोनिया आता बरे होऊ लागले.

२/ या विजयाला एक दुसरी बाजू होती. १९३५ मध्येच अमेरिकेत हॉल आणि ओ'टूल यांना नवजात अर्भकांच्या विष्ठेत एक जिवाणू आढळला होता. तो प्रयोगशाळेत वाढवणे कठीण, म्हणून त्याला लॅटिन नाव मिळाले 'डिफिसिलिस', म्हणजे अवघड.

३/ १९७८ मध्ये उलगडा झाला. प्रतिजैविके घेतलेल्या रुग्णांच्या मोठ्या आतड्याला येणारी घातक सूज याच जिवाणूच्या विषामुळे येत होती. औषध आतड्यातील उपकारक जिवाणूही मारते आणि मोकळ्या रानात हा माजतो.

४/ धोका वाढवणारी मुख्य कारणे तीन: प्रतिजैविके, ६५ वर्षांपुढील वय आणि इस्पितळातील दीर्घ मुक्काम. महाड-पोलादपूरहून शस्त्रक्रियेसाठी मुंबईस नेलेल्या वृद्धाच्या वाट्याला ही तिन्ही एकदम येऊ शकतात.

५/ या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलच्या सॅनिटायझरला दाद देत नाहीत. म्हणून अशा रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याने साबण-पाण्यानेच हात धुवावेत. प्रतिजैविक मात्र गरजेपुरतेच आणि डॉक्टरांच्या सांगण्यानेच घ्यावे. पिंपरीच्या त्या विजयाचे मोल त्यानेच टिकेल.