ब्रेक नसलेल्या गाडीवरचा मेजर

साकीनाक्याच्या सिग्नलवर उभ्या असलेल्या कुठल्याही बाईकवाल्याला विचारा, गाडीत सगळ्यात आधी काय झिजतं? उत्तर येईल, ब्रेकपॅड. अंधेरी-कुर्ला रोडवर मेट्रोच्या खांबांना चिकटून, रिक्षा आणि टेम्पोच्या मधून गाडी काढायची म्हणजे ॲक्सिलरेटरपेक्षा ब्रेकच जास्त वापरावा लागतो. त्यामुळे मोटारसायकलचा एक असा खेळ आहे जिथे गाडीला ब्रेक लावायलाच बंदी आहे, हे कळल्यावर मी त्या खेळाच्या मागे लागलो. त्याचं नाव स्पीडवे.

मातीचा लंबगोल ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. गाडी ५०० सीसीची, एकच सिलिंडर, एकच गिअर, इंधन मिथेनॉल. साधारण मिनिटभरात शर्यत संपते. ब्रेक नाही, कारण चौघे इतके चिकटून धावतात की पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचा थेट त्याच्यावर जाऊन आदळेल. मग वळायचं कसं? थ्रॉटल देऊन मागचं चाक मुद्दाम बाहेर घसरवायचं, डावा पाय जमिनीवर टेकवायचा (बुटाला लोखंडी तळवा लावलेला असतो) आणि डावीकडे वळण्यासाठी पुढचं चाक उजवीकडे फिरवायचं. आपल्याला रस्त्यावर स्लिप झालेली गाडी माहीत आहे. इथे स्लिप होणं हीच गाडी चालवायची पद्धत.

या खेळाच्या इतिहासात सहा वेळा जगज्जेता झालेला आयव्हन मेजर हा न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचा. त्याच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग बघून तुम्ही ‘मॉगर’ म्हणाल, पण उच्चार मेजर असाच आहे. जन्म १९३९ चा. त्याच्याच गावच्या रॉनी मूरने दोनदा आणि बॅरी ब्रिग्जने चारदा जगज्जेतेपद मिळवलं होतं. मुंबईच्या मैदानांतून क्रिकेटपटू निघावेत तसे तिथून स्पीडवेवाले निघत होते.

१९५७ मध्ये सतरा वर्षांचा मेजर इंग्लंडला गेला आणि विम्बल्डनला पोचला. टेनिसच्या नव्हे, स्पीडवेच्या विम्बल्डनला. रॉनी मूर तिथला स्टार होता. मेजरला संघात पक्की जागा मिळाली नाही. मुख्य शर्यती संपल्यावरच्या दुय्यम शर्यती आणि मैदानावरची पडेल ती कामं, एवढंच वाट्याला आलं. तो परत गेला. पुढे काही वर्षं न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात गाडी चालवली आणि १९६३ मध्ये पुन्हा इंग्लंडला आला, न्यूकॅसलच्या संघात. अशा गोष्टी सांगताना लोक मधली वर्षं गाळून टाकतात. मला तीच महत्त्वाची वाटतात. जागतिक फायनलमध्ये तो पहिल्यांदा उतरला १९६६ मध्ये, तेव्हा २६ वर्षांचा होता. चौथा आला. पुढच्या वर्षी तिसरा. १९६८ मध्ये गोथेनबर्गला पहिला.

तेव्हाची फायनल एका संध्याकाळीच संपायची, आणि तिची रचना इंजिनिअरला वेड लावणारी आहे. १६ रायडर, २० शर्यती, प्रत्येक शर्यतीत चौघे, प्रत्येकाच्या वाट्याला पाच शर्यती. आणि कुठलेही दोघे एकमेकांसमोर बरोबर एकदाच येतात, ना कमी ना जास्त. कागद घ्या: १६ जणांच्या जोड्या होतात १२०. चौघांच्या एका शर्यतीत सहा जोड्या, गुणिले २०, पुन्हा १२०. एकही जोडी सुटत नाही. पहिल्याला तीन गुण, मग दोन, एक, शून्य. म्हणजे कमाल १५. वर्षभर पात्रता फेऱ्या खेळायच्या आणि एका संध्याकाळी एकदा घसरलात की वर्ष गेलं.

इतकी कमी चूक परवडणाऱ्या खेळात मेजरने सगळा जोर दोन गोष्टींवर दिला: गाडीची तयारी आणि स्टार्ट. फीत वर गेल्यापासून पहिल्या वळणापर्यंत जो पुढे, त्याच्या तोंडावर माती उडत नाही. मागच्या तिघांच्या उडते. धडाकेबाज, अंगावर येणारे रायडर लोकांना जास्त आवडायचे. मेजर त्यांच्या मानाने कोरडा, हिशेबी. मला मात्र या हिशेबातच त्याची जिगर दिसते.

त्याच्या गाडीचं नाव आपल्याकडेही ओळखीचं आहे: जावा. चेकोस्लोव्हाकियातल्या दिविशोवमध्ये एसो नावाचा कारखाना स्पीडवेच्या गाड्या बनवायचा. १९६४ मध्ये तो जावात सामील झाला. त्याच काळात इराणी कुटुंबाने म्हैसूरला आयडियल जावा सुरू केली होती आणि १९६१ पासून तिथल्या गाड्या आपल्या रस्त्यांवर धावत होत्या. पुढे तिचीच येझदी झाली. इंजिनं मात्र वेगळी. आपली जावा टू-स्ट्रोक, त्याची फोर-स्ट्रोक. तरी टाकीवरचं नाव एकच.

१९६९ ची फायनल वेम्बलीला. तीही मेजरने जिंकली. दोन अमेरिकन चाहत्यांनी त्याला शब्द दिला होता की सलग तिसऱ्यांदा जिंकलास तर गाडीला सोन्याचा मुलामा देऊ. १९७० ची फायनल पोलंडमध्ये, व्रोत्स्वाफला होती. घरच्या प्रेक्षकांसमोर पोलिश रायडर फॉर्मात होते. मेजरने पाचही शर्यती जिंकून १५ पैकी १५ घेतले. मुलामा खरोखरच चढवला गेला.

त्याच्या कारकिर्दीतला खरा पेच इथून पुढचा. मेजर नव्या पोरांना शिकवायचा. ओले ओल्सन नावाचा एक डॅनिश तरुण त्याच्याकडे शिकायला आला आणि १९६७ पासून न्यूकॅसलकडून धावू लागला. १९७१ च्या फायनलमध्ये मेजर सलग चौथ्या विजेतेपदासाठी उतरला आणि ओल्सनने त्याला हरवलं. पुढे ओल्सन १९७५ आणि १९७८ मध्येही जगज्जेता झाला. आपल्याकडे गुरूला शिष्याने हरवलं की सगळ्यांना गहिवरून येतं. पण इथे गुरू निवृत्त झालेला नव्हता, त्यालाही तीच ट्रॉफी हवी होती.

१९७२ मध्ये वेम्बलीला मेजर आणि स्वीडनचा बर्न्ट पेर्सन, दोघांचे समान १३ गुण झाले. निकालासाठी दोघांचीच एक जादा शर्यत लागली. मेजर जिंकला. १९७३ ची फायनल पोलंडमध्येच, होझूफच्या स्टेडियमवर, लाखाहून जास्त प्रेक्षक. पुन्हा समान १३ गुण, पुन्हा जादा शर्यत. समोर येझी श्चाकिएल हा पोलिश रायडर, ज्याची विजेता म्हणून फारशी चर्चा नव्हती. मेजर मागे पडला, पुढे जायच्या प्रयत्नात श्चाकिएलच्या मागच्या चाकाला लागला आणि मातीत पडला. पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला.

त्यानंतरच्या वर्षी तो दुसरा आला. मग दोन वर्षं दुसऱ्यांची नावं. नव्या पिढीचे रायडर वर येत होते, ओल्सन तर होताच. चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने थांबायला कुणाची हरकत नव्हती. १९७७ मध्ये, गोथेनबर्गच्या पावसात, त्याने पाचवं विजेतेपद घेतलं आणि स्वीडनच्या ओवे फुंदिनच्या पाच विजेतेपदांशी बरोबरी केली.

१९७९ ची फायनल पुन्हा होझूफला होती, त्याच ट्रॅकवर. घरच्या मैदानावर पोलंडच्या झेनॉन प्लेहने १३ गुण मिळवले. मेजरने १४. चाळीस पूर्ण व्हायला त्याला महिनाभर बाकी होता. या सहा विजेतेपदांची बरोबरी व्हायला २००५ साल उजाडलं, स्वीडनच्या टोनी रिकार्डसनने ती केली.