एकशे पंचवीसचे एकशे बावीस

मागे एका प्रोजेक्टवर माझ्या हातून एक गंमत झाली. गंमत आत्ता वाटते, तेव्हा घाम फुटला होता. क्लायंटच्या मेनफ्रेमवरची एक टेस्ट फाईल लिनक्सवर वाचायची होती. मेनफ्रेमवर एनएफएस सर्व्हर चालू होताच. टेक्स्ट मोडमध्ये माउंट केलं, ‘एलएस’ मारलं, फाईली दिसल्या. नावं-पत्ते एकदम स्वच्छ! पण रकमांची बेरीज काही केल्या जुळेना. काही रकमा सरळसरळ कचरा होत्या, त्या प्रोग्रॅमने बाजूला काढल्या. पण एका खात्यात १२५ हवे होते तिथे १२२ निघाले. ना एरर, ना वॉर्निंग.

कारण शोधता शोधता थेट १९६४ सालात पोचलो.

त्या वर्षी ७ एप्रिलला आयबीएमने सिस्टम/३६० जाहीर केलं. आजची मेनफ्रेम ही त्याच घराण्यातली. तिथे फाईलला म्हणतात डेटासेट, आणि डेटासेट म्हणजे रेकॉर्ड्सची रांग. आयबीएमचं ८० कॉलमचं पंच कार्ड १९२८ पासूनचं. ८० बाइटचं रेकॉर्ड हा त्याचाच वारसा. रेकॉर्डची लांबी आधीच ठरलेली असली, की ओळ कुठे संपते हे सांगणारी खूण लागतच नाही. ८० बाइट मोजा, पुढचं रेकॉर्ड सुरू. युनिक्ससारखं डिरेक्टरीचं झाडही नाही. नाव जास्तीत जास्त ४४ अक्षरांचं, टिंबांनी तोडलेलं, प्रत्येक तुकडा फार तर ८ अक्षरांचा. डिरेक्टरीच्या त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे पार्टिशन्ड डेटासेट. कपाटाला खण असतात तसे त्यात मेंबर्स. पण खणात आणखी खण नाहीत.

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी फाईलची व्याख्या अगदीच सोपी करून टाकली : फाईल म्हणजे नुसती बाइट्सची माळ. रेकॉर्ड वगैरे काय ते प्रोग्रॅमने बघावं, सिस्टम त्यात पडणार नाही.

सनचं एनएफएस आलं ऐंशीच्या दशकाच्या मध्याला, आणि १९८९ मध्ये आरएफसी १०९४ म्हणून ते छापून झालं. कुठल्याही मशीनवर चालावं ही इच्छा. पण त्याच्या डोक्यातली फाईल मात्र युनिक्सचीच : ‘अमुक जागेपासून इतके बाइट दे.’ पुढे आयबीएमने मेनफ्रेमसाठीही एनएफएस सर्व्हर दिला. त्यात पार्टिशन्ड डेटासेट डिरेक्टरीसारखा दिसतो आणि मेंबर्स फाईलींसारखे. सर्व्हर बिचारा दुभाषा! टेक्स्ट मोडमध्ये तो एब्सिडिकचं आस्की करतो, ओळीच्या शेवटी न्यूलाइन लावतो, आणि सांगितलं तर मागचे रिकामे स्पेस कापतो.

आता साधी ‘एलएस -एल’ ही कमांड घ्या. लिनक्स विचारतं, फाईल किती बाइटची? मेनफ्रेमकडे हिशेब असतो ट्रॅक आणि सिलिंडरचा. भाषांतरानंतर नेमके किती बाइट होतील, हे सगळी फाईल वाचल्याशिवाय कळणार कसं? म्हणून सर्व्हर खरंच अख्खी फाईल वाचून मोजतो. किंवा मग ‘अंदाजे सांग, पण लवकर सांग’ असं एक सेटिंग आहे, ते वापरायचं. मोठी डिरेक्टरी बघताना टर्मिनल का गोठतं, ते तेव्हा कळलं.

आता माझे तीन रुपये. कोबॉलमध्ये रकमा बऱ्याचदा पॅक्ड डेसिमलमध्ये ठेवतात : एका बाइटमध्ये दोन अंक, शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह. १२५ म्हणजे हेक्समध्ये १२ ५सी. ‘सी’ म्हणजे अधिक. पण दुभाष्याला काय माहीत ही रक्कम आहे? एब्सिडिकमध्ये ५सी म्हणजे ताराचिन्ह. आस्कीत ताराचिन्ह २ए. त्याने इमानदारीत भाषांतर केलं : १२ २ए. आणि दुर्दैव बघा, पॅक्ड डेसिमलमध्ये ‘ए’ हेसुद्धा अधिकचंच चिन्ह मानलं जातं! म्हणजे झाले १२२, अगदी कायदेशीर. कचरा झालेल्या रकमा निदान ओरडतात तरी. ही गप्प बसली. टेस्ट डेटा होता म्हणून वाचलो.

यात चूक मेनफ्रेमची नाही, युनिक्सचीही नाही. चूक माझी. डिरेक्टरी माउंट झाली, की फाईल समजलीच असं मी धरून चाललो. पण कुठल्या बाइटपासून कुठवर नाव आणि कुठून रक्कम, हे त्या फाईलमध्ये लिहिलेलंच नसतं. ते असतं कोबॉलच्या कॉपीबुकमध्ये, आणि कॉपीबुक कुठे आहे ते टीममधल्या एखाद्या जुन्या माणसाला ठाऊक असतं.

तेव्हापासून अशी फाईल मी बायनरीतच माउंट करतो आणि कॉपीबुक समोर ठेवून एकेक फील्ड बदलतो. वेळ जातो, जाऊ दे. आणि त्या जुन्या माणसाला आधी चहा पाजतो.

असो. तुमची बेरीज जुळतेय ना?