जीवा, त्रिज्या आणि साईन

वर्गमित्रहो, नववीत आपण वर्तुळाची जीवा शिकलो आणि दहावीत साईन. हे दोन्ही शब्द एकाच घरातले, हे मला शाळा सुटल्यावर फार वर्षांनी कळले.

वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य आणि त्याची दोरी म्हणजे ज्या किंवा जीवा. आर्यभटाने इ. स. 499 च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त गणितासाठी अर्धी दोरी, म्हणजे अर्धज्या घेतली. पुढे तिलाच नुसते ज्या म्हणू लागले. परीघ 21,600 कलांचा धरला की त्रिज्या येते 3438 कला. पाव वर्तुळाचे 24 भाग करून लागोपाठच्या ज्यांमधले फरक त्याने एका श्लोकात बसवले. ते मिळवत गेले की 30 अंशांची ज्या येते 1719. तिला 3438 ने भागा: बरोबर 1/2. आपण घोकलेले साईन 30 ते हेच!

अरबीत ‘जीवा’चा ‘जीबा’ झाला. लिहिताना स्वर गाळत असल्याने पुढे तो ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राचा छातीवरचा घोळ. 12व्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ शब्द योजला आणि त्यातून साईन आले.

1748 मध्ये ऑयलरने आपल्या ग्रंथात त्रिज्या 1 धरली आणि भागाकाराची कटकट संपली. आता कोन घ्यायचा, वर्तुळावरचा बिंदू पाहायचा. त्याचा आडवा निर्देशक कोसाईन, उभा साईन. 120 अंशांचा कोन काटकोन त्रिकोणात मावत नाही, पण वर्तुळावर त्याचा बिंदू सापडतो: (−1/2, √3/2). कोसाईन ऋण का, ते डोळ्यांनाच दिसते.

आणि त्रिज्या? त्रि म्हणजे तीन राशी, म्हणजेच 90 अंश. त्यांची ज्या ती त्रिज्या. एकक वर्तुळाच्या माथ्यावरचा बिंदू (0, 1). साईन 90 बरोबर 1, हे उत्तर शब्दातच दडलेले होते.

अकरावीत इंग्रजी शब्दांपुढे आपण मराठी माध्यमाची मुले बिचकलो. मी तर पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडले नाही. आपले शब्द गावठी वाटायचे. त्यांची लाज वाटली, याचे आज वाईट वाटते.

सर, सुतळी आणि खडूने फळ्यावर वर्तुळ काढून तुम्ही मला विचारले होते, “त्रिज्या म्हणजे काय?” मी म्हणालो, “केंद्रापासून परिघापर्यंतचे अंतर.” ते बरोबरच होते. उरलेले उत्तर आज देतो आहे.