धोकटी, हत्यार आणि टूलबॉक्स

'टूलबॉक्स' या शब्दाला मराठी पर्याय विचारला, की 'हत्यारपेटी' किंवा 'अवजारपेटी' असे उत्तर मिळते. दोन्ही जोडशब्द सार्थ आहेत. तरीही शिरूर-दौंडकडच्या गॅरेजात, कारखान्यात 'टूलबॉक्स'च रुळला आहे. याला केवळ इंग्रजीचे आक्रमण म्हणण्यापूर्वी, अशी कोणाचीही असू शकेल अशी पेटी आपल्या गावगाड्यात होती काय, हे पाहिले पाहिजे.

त्रिं. ना. आत्रे यांनी 'गावगाडा'त (१९१५) वर्णिलेल्या बलुतेदारीत कसब जातीनिहाय वाटलेले होते आणि त्याबरोबर हत्यारेही. सुताराचा वाकस, पटाशी, रंधा, चांभाराची रापी, आरी, न्हाव्याचा वस्तरा. न्हाव्याच्या पिशवीला तर 'धोकटी' हे स्वतंत्र नाव. ते उच्चारताच धन्याची जात कळे. शब्द नेमका खरा. पण त्या नेमकेपणात माणूसही बांधला गेला होता.

'हत्यार' हा शब्द याहून मोकळा. त्याचे नाते 'हत्ये'शी नसून 'हस्त' म्हणजे हाताशी आहे. म्हणूनच तलवार आणि रंधा दोन्ही हत्यारेच, आणि खंडेनवमीला दोहोंची पूजा. या दोन अर्थांची दोन गावे येथे शेजारी आहेत. शिरूर, म्हणजे घोडनदी, ही एकेकाळची ब्रिटिश लष्करी छावणी; तर दौंड १८७८ मध्ये मनमाडचा मार्ग सुरू झाल्यावर जंक्शन झाले.

रेल्वेबरोबर पाना आला, तसाच 'फिटर' हा शब्दही आला. तो हुद्दा होता, जात नव्हती. गार्ड-ड्रायव्हरच्या 'लाइन बॉक्स'वरही नाव आणि हुद्दा रंगवलेला असे. रेल्वेने जातिभेद मिटवला, असा दावा कोणी करू नये. परंतु पेटीच्या नावातून जात गेली, हे खरे. मात्र आतली हत्यारे आता बहुधा कारागिराची न राहता कारखान्याची झाली. मोकळीक मिळाली, ती मालकी देऊन.

आज शिरूर तालुक्यात रांजणगावची आणि दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. औद्योगिक सुरक्षेच्या परिभाषेत पाळी सुरू होताना कामगारांना धोक्यांची जाणीव करून देणाऱ्या छोट्या बैठकीला 'टूलबॉक्स टॉक' म्हणतात. तेथे पेटी असतेच असे नाही. माणसे मात्र एकत्र उभी असतात. 'धोकटी'ला हा अर्थ कधीच लाभला नसता. परका शब्द का टिकला, याचे उत्तर कोशाइतकेच त्या घोळक्यातही शोधावे लागेल.