चिपवरच्या प्रयोगशाळेची दोन घराणी

माणूस जिथे राहायला जातो तिथे जिवाणूही जातात. अंतराळ स्थानक त्याला अपवाद नाही. तिथल्या भिंती पुसून घेतलेला नमुना पूर्वी पेट्रीडिशमध्ये ठेवून काही दिवस वाट पाहावी लागे. ३१ मार्च २००७ रोजी अंतराळवीर सुनीता विल्यम्स यांनी हातात मावणाऱ्या एका उपकरणाने ही तपासणी स्थानकातच, काही मिनिटांत केली. ‘लोकॅड-पीटीएस’ हे त्याचे नाव. डिसेंबर २००६मध्ये ज्या डिस्कव्हरी यानातून त्या स्थानकावर गेल्या, त्याच यानातून हे उपकरणही गेले होते. त्याची कुळकथा दोन घराण्यांची आहे, एक सिलिकॉनचे आणि दुसरे समुद्रातले.

सिलिकॉनचे घराणे स्टॅनफर्ड विद्यापीठातले. तिथे स्टीफन टेरी आणि सहकाऱ्यांनी १९७९मध्ये वायूंचे मिश्रण वेगळे करणारे अख्खे यंत्र सुमारे ५ सेंटीमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर कोरल्याचे प्रसिद्ध केले. दीड मीटर लांबीची नळी त्यात गोल गोल वळवून बसवली होती. काळाच्या फार पुढचे काम होते ते, आणि पुढची दहाएक वर्षे त्याच्याकडे फारसे कोणी वळले नाही. १९९०मध्ये बाझेलच्या सिबा-गायगी कंपनीतल्या आंद्रेआस मान्झ यांनी द्रवांसाठी ही कल्पना नव्याने मांडली. त्यांचा भर आकारापेक्षा कामगिरीवर होता. रेणूला पसरायचे अंतर दहापट कमी झाले की लागणारा वेळ शंभरपट कमी होतो. शिवाय केसाएवढ्या वाटेत द्रवावर गुरुत्वाकर्षणापेक्षा पृष्ठताणाची सत्ता चालते. वजनरहित अवस्थेत बाटलीतले पाणी कुठेही तरंगेल. चिपमधले मात्र आपली वाट सोडत नाही.

दुसरे घराणे मला अधिक विलक्षण वाटते. १९५६मध्ये अमेरिकेतल्या वुड्स होल इथे फ्रेडरिक बँग यांनी हॉर्सशू क्रॅब या प्राण्याला जिवाणू टोचले, तेव्हा त्याचे रक्त अंगातल्या अंगात गोठले. (नावात खेकडा असला तरी नाते कोळ्याविंचवांशी, आणि रक्त निळे.) पुढे जॅक लेव्हिन यांच्यासोबत त्यांनी कारण शोधले. काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातले एंडोटॉक्सिन त्या रक्तपेशींना लागले की गोठण्याची साखळी सुरू होते. या पेशींच्या अर्कामुळे औषधे तपासण्यासाठी सशांना टोचण्याची पद्धत मागे पडत गेली.

लोकॅडमध्ये ही दोन घराणी एकत्र आली. प्लॅस्टिकच्या छोट्या कार्ट्रिजमधल्या बारीक वाटांत तो अर्क वाळवून ठेवलेला असतो. भिंत पुसायची, नमुना शुद्ध पाण्यातून आत सोडायचा. पिवळा रंग जितका लवकर चढेल तितके जिवाणूंचे अंश जास्त. पुढे बुरशीसाठीही कार्ट्रिज आल्या. एक मर्यादा मात्र मोठी: जिवाणू जिवंत आहे की मेलेला, हे त्यातून कळत नाही.

मंगळाच्या वाटेवर मात्र चिपच्या तंत्राला ठेच लागली. १९७६मध्ये व्हायकिंग यानांनी तिथली माती तापवून सेंद्रिय पदार्थ शोधले, पण खात्रीचे काही हाती लागले नाही. २००८मध्ये फिनिक्स यानाला त्या मातीत परक्लोरेट सापडले. तापवल्यावर हे क्षार सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतात. म्हणजे माती भाजण्याऐवजी पाण्यात उतरवून तपासणे शहाणपणाचे. बर्कलीच्या रिचर्ड मॅथिस यांच्या गटाने नेमके तेच करणारी चिप तयार केली होती. अमिनो आम्ले डाव्या घडणीची आहेत की उजव्या, हेही ती ओळखते. जीवसृष्टी प्रामुख्याने डावीच वापरते. या चिपवर बेतलेले ‘युरी’ उपकरण युरोपच्या एक्झोमार्स मोहिमेसाठी निवडले गेले आणि नंतर वगळले गेले.

हा निर्णय चुकीचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. मंगळावर जीवसृष्टीचा शोध घ्यायचा तर युरीच्या जातीचे उपकरण तिथे पोहोचलेच पाहिजे. त्याच्या जोडीला लोकॅडसारखी तपासणीही हवी, कारण तिथे सापडलेला अंश आपणच नेलेला नाही, हे आधी सिद्ध करावे लागेल.